बाटली नंबर ५३-एन

एका वर्षी माझ्या वर्गात तीन आयेशा शेख होत्या. हजेरी घेताना नाव पुकारले की तीन हात वर व्हायचे. कुणाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाची गैरहजेरी, सगळ्याचा घोळ. शेवटी जनरल रजिस्टरचा नंबर कामी यायचा. नुसत्या नावाने नोंद लागत नाही, हे शिक्षकाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळते. औषधांच्या बाबतीत हेच कळायला जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली. त्या हिशोबातले एक पान आपल्या परळमध्ये लिहिले गेले आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरलेले होते; सरकारच्या सुईवर कुणाचा भरवसा नव्हता. अशा वेळी तरुण तिसऱ्या आगाखानांनी आपल्या जमातीसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी स्वतःची एक मोठी वास्तूही दिली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तिथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या आणि प्रत्येक बाटलीला नंबर असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या होत्या. काही दिवसांतच त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. चौकशीत दिसले की हे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्या बाटलीचा नंबर होता ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतली लस दिली, हे त्या दिवशी नोंदले गेले नसते तर काय झाले असते? दोष एका बाटलीवर न येता सगळ्या लसीवर आला असता. नंबर होता म्हणून एवढे तरी कळले की लस वाईट नव्हती, एक बाटली दूषित होती.

पण ती दूषित झाली कुठे? परळला भरताना की मलकोवालला उघडताना? बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरलेली होती. चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. नंतर तेच कागद दुसऱ्या नजरेने वाचले गेले. धनुर्वाताचे जंतू एवढे दिवस बाटलीत वाढले असते तर दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, हेही साक्षीत आले होते. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ही बाजू मांडली आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ज्या नोंदींच्या आधारे माणूस दोषी ठरला, त्याच नोंदींनी त्याला सोडवले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

पुढे थॅलिडोमाइड नावाच्या गोळीने युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. १९६१ साली ती गोळी बाजारातून काढली गेली. प्रत्येक डॉक्टरने एखादे-दुसरे मूल पाहिले होते. सगळ्यांचे पाहणे एकत्र करणारे कुणी नव्हते. म्हणून १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांच्या नोंदी एकत्र ठेवायला सुरुवात केली. आज तो साठा स्वीडनमधील उप्साला येथे आहे आणि त्यात ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. भारत त्यात १९९८ साली सामील झाला. २००४ साली देशाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दोन विभागीय केंद्रांपैकी एक हाफकिनच्याच रस्त्यावरच्या केईएम रुग्णालयात होते.

या साठ्यातही माझ्या तीन आयेशांचाच प्रश्न असतो, फक्त उलटा. तिथे एकाच औषधाला अनेक नावे असतात. क्रोसिन, कॅलपोल, मेटासिन ही नावे वेगळी, आतले औषध एकच: पॅरासिटामॉल. म्हणून प्रत्येक औषधाला एक संकेतांक दिलेला असतो. पॅरासिटामॉलचा आहे एन०२बीई०१. पहिले अक्षर मज्जासंस्थेचे, पुढचे आकडे वेदनाशामकांचे, असे घराणे सांगत सांगत शेवटी औषध येते. नोंद कोणत्याही नावाने येवो, ती एकाच खात्यात जमा होते.

आपल्या घरांत हा प्रश्न आणखी एका वळणाने येतो. युनानी नुस्ख्यात 'अस्लुस्सूस' लिहिलेले असते, घरात तिला मुलेठी म्हणतात, शेजारच्या काकू ज्येष्ठमध म्हणतात. वनस्पती एकच. सर्दीच्या जोशांद्यात ती हमखास असते. ती फार दिवस आणि जास्त प्रमाणात पोटात गेली तर रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होऊ शकते. रक्तदाबाची गोळी घेणारी अम्मी थंडीभर जोशांदा पिते आणि डॉक्टरला सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते औषधच नसते. डॉक्टर गोळी वाढवतो. नोंद अर्धीच राहते. अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतले युनानी नुस्खे संगणकावर आणून पाच परकी भाषांत मांडण्याचे काम सरकारने २००१ साली सुरू केले. पण अम्मीच्या स्वयंपाकघरातला प्याला त्यात कोण लिहिणार? तो तिने, नाहीतर आपणच सांगायचा.

नोंद करायला फार लागत नाही. रुग्ण कोण, औषध कोणते, त्रास काय झाला, सांगणारा कोण, एवढ्या चार गोष्टी पुरतात. रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो. अशा नोंदी वाचूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड या घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकाबद्दल देशभर सावधगिरीची सूचना निघाली.

दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो तेव्हा बहुतेक वेळा औषधाचे नाव आणि बॅच नंबर दुसऱ्याच्या तुकड्यावर जातो. माझ्या अम्मीच्या पिशवीत असे कितीतरी बिननावाचे तुकडे सापडले. आता मी दुकानातच नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून घेतो. दुकानदार हसतो. हसू दे. मलकोवालच्या त्या ८८ जणांना आणि हाफकिन यांनाही शेवटी एका नंबरानेच साथ दिली होती.