गाईच्या दुधापासून मूत्राशयापर्यंत : बीसीजीची कुळकथा

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या मर्यादित असलेल्या कर्करोगावर जिवंत जिवाणूंनी उपचार केले जातात. हे जिवाणू म्हणजे नवजात बाळाच्या डाव्या दंडावर टोचली जाणारी क्षयाची लस, बीसीजी. पुण्यात हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती या दोन्ही कामांसाठी तयार होते. बाळाच्या डोसात काही लाख जिवंत जिवाणू असतात. मूत्राशयासाठीच्या ४० मिलिग्रॅमच्या कुपीत ते दहा कोटींच्या पुढे जातात. एकाच जिवाणूकडे ही दोन कामे आली, त्याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

या जिवाणूचे मूळ गाईच्या दुधात सापडते. एदमाँ नोकार या फ्रेंच पशुवैद्याने क्षयाने कास सुजलेल्या गाईच्या दुधातून तो वेगळा केला होता. १९०८ मध्ये लील शहरातील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी तो वाढवायला घेतला. क्षय मुख्यतः आतड्याच्या वाटेने शरीरात शिरतो, असे काल्मेत यांचे मत होते. क्षयाचा जिवाणू मेणचट असल्याने त्याच्या गुठळ्या होत. त्या मोडण्यासाठी दोघांनी ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या फोडी बैलाच्या पित्तात शिजवल्या आणि त्यांवर जिवाणू वाढवला. गुठळ्या कमी झाल्याच, पण अनपेक्षितपणे जिवाणूचा मारकपणाही उतरू लागला. मग त्यांनी तेच धरून ठेवले. दर तीन आठवड्यांनी जिवाणू नव्या फोडीवर उतरवायचा, असा क्रम १३ वर्षे चालला. पहिल्या महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, बटाटे महागले, पित्त मिळेनासे झाले, तरी हा क्रम तुटला नाही. २३० वेळा उतरवल्यानंतरचा जिवाणू प्राण्यांना क्षय देईनासा झाला. या काळात त्याच्या जनुकसंचातला एक तुकडा गळाला होता, हे १९९० च्या दशकात उलगडले. इतक्या चिकाटीने केलेले प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात थोडेच आहेत.

जुलै १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका बाळाला या निवळलेल्या जिवाणूची लस प्रथम दिली गेली. बाळाची आई क्षयाने दगावली होती. काल्मेत यांच्या मताला धरून लस टोचली नव्हती, तोंडाने पाजली होती. आतड्यातल्या प्रतिकारयंत्रणेला जिवाणूची ओळख व्हावी हा हेतू होता. बाळ निरोगी वाढले. पुढे १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे लस पाजलेल्या सुमारे अडीचशे बाळांपैकी ७२ दगावली. प्रयोगशाळेत लसीत क्षयाचा खरा, मारक जिवाणू मिसळला होता. दोष लसीचा नव्हता, तरी तिच्यावरचा विश्वास डळमळला. कालांतराने पाजण्याची पद्धत मागे पडली आणि कातडीत टोचण्याची रूढ झाली.

दरम्यान काल्मेत यांनी आपल्या जिवाणूची वाणे देशोदेशी पाठवली होती. गोठवून सुकवण्याचे तंत्र तेव्हा नव्हते, त्यामुळे प्रत्येक देशात जिवाणू फोडीवरून फोडीवर उतरत राहिला आणि प्रत्येक शाखा थोडीथोडी बदलत गेली. १९२४ मध्ये मॉस्कोला गेलेली शाखा सर्वांत जुन्यांपैकी आहे. पॅरिसमधला मूळ जिवाणू पुढे ज्या गोष्टी गमावून बसला, त्यांतल्या काही या शाखेने राखल्या. भारतात गिंडी, मद्रास येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रयोगशाळेत पुढे डॅनिश शाखा वापरात आली. पुण्याने रशियन शाखा घेतली. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेली सीरम इन्स्टिट्यूट घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरील प्रतिविष करण्यापासून सुरू झाली. आज तिची बीसीजी या रशियन शाखेची आहे.

कर्करोगाशी या लसीचा संबंध वेगळ्या वाटेने आला. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून रुग्णांच्या गाठींत जिवाणू टोचून पाहिले होते. अंगात ताप चढला की काही गाठी विरत. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षय झालेल्यांत कर्करोग कमी आढळला. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी बीसीजी दिलेल्या उंदरांत रोपलेल्या गाठी तितक्या वाढत नाहीत, हे दाखवले. यानंतर रक्ताच्या आणि कातडीच्या कर्करोगांवर बीसीजी वापरण्याची लाट आली आणि बहुतेक ठिकाणी ओसरली. बर्टन झ्बार यांच्या गिनीपिगांवरील प्रयोगांतून कारण दिसले. जिवाणू आणि गाठ यांचा थेट स्पर्श झाला पाहिजे, जिवाणू जिवंत आणि पुरेसे असले पाहिजेत, गाठ लहान असली पाहिजे आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती शाबूत असली पाहिजे. या चारही अटी मूत्राशयात पुऱ्या होतात. ते पोकळ आहे, नळीने भरता येते आणि काही वेळाने रिकामे करता येते.

कॅनडातील किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी हे करून पाहिले. १९७६ मध्ये त्यांनी ९ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. उपचारापूर्वी सर्व रुग्णांच्या मिळून ७७ महिन्यांत २२ वेळा गाठी उलटल्या होत्या. उपचारानंतरच्या ४१ महिन्यांत एकदाच. त्यांनी आठवड्याला एक असे सहा डोस दिले. लस सहा कुप्यांच्या पेटीत येत होती आणि त्रास आठवड्याच्या आत निवळत होता, म्हणून हा हिशेब ठरला. तो आजही तसाच चालतो. अमेरिकेत या उपचाराला १९९० मध्ये मान्यता मिळाली.

या उपचारात आधी दुर्बिणीने गाठ काढतात. जखम भरायला दोन-तीन आठवडे दिले जातात. मग बीसीजीची पावडर ५० मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवून बारीक नळीने मूत्राशयात सोडतात. रुग्णाने ती सुमारे दोन तास धरून ठेवायची. पहिल्या काही तासांतली लघवी बसून करायची आणि भांड्यात ब्लीच टाकायचे, कारण आत जिवंत जिवाणू असतात. नळी घालताना रक्त आले, तर त्या दिवशी डोस देत नाहीत. जिवाणू रक्तात शिरला तर क्षयाची औषधे सुरू करावी लागतात. जळजळ, वारंवार लघवी आणि थोडी कणकण हे नेहमीचे त्रास. जिवाणू अस्तराच्या पेशींना चिकटतो, त्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जिवाणूबरोबर कर्कपेशीही मारतात.

आतड्यात कायम राहणारे जिवाणूही प्रतिकारशक्तीला असेच हाताळतात, ही बाब फार अलीकडे पुढे आली. प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी कर्करोगाची नवी औषधे आतड्यातल्या ठरावीक जिवाणूंवाचून उंदरांत नीट लागू पडत नाहीत, असे २०१५ मध्ये पॅरिस आणि शिकागो येथील संशोधनांत दिसले. अशा उपयोगी जिवाणूंची परदेशातली यादी इथे जशीच्या तशी चालणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष प्रमाणात असतात. कर्करोगावर रोजच्या व्यवहारात दिला जाणारा जिवाणू मात्र अजून बीसीजीच आहे.

२०१२ नंतर टोरांटोचा बीसीजी बनवणारा मोठा कारखाना अडचणीत आला आणि २०१७ मध्ये तिथले उत्पादन कायमचे थांबले. जगभर या औषधाचा तुटवडा पडला. आता ज्या कॅनडात हा उपचार जन्मला, तिथेही पुण्याची रशियन शाखा रुग्णांना दिली जाते. बर्लिनमध्ये घडवलेली बीसीजीची सुधारित जातही सीरमने घेतली असून, जुन्या बीसीजीला दाद न दिलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या मूत्राशयात साठ आठवड्यांपर्यंत रोग उलटला नाही.

हा उपचार रोग अस्तरापुरता असतानाच उपयोगी पडतो. रोग स्नायूत उतरला की बहुधा मूत्राशयच काढावे लागते. या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुतेकदा दुखल्याखुपल्याशिवाय लघवीतून रक्त जाणे हे असते, आणि ते एकदा दिसून थांबते म्हणून लोक विसरतात. एकदा जरी दिसले, तरी तपासून घ्यावे. तंबाखू ओढणाऱ्याने तर दुसऱ्या वेळेची वाट पाहूच नये.