अटळ पराभवाचा खेळ : अटारीवरील ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८२)

चित्रपटावर बेतलेला व्हिडिओ गेम म्हणजे जाहिरातीचे उपांग, असे समजून अभ्यासक तो सहसा बाजूला सारतात. पार्कर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने १९८२ मध्ये अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी काढलेला ‘स्टार वॉर्स : द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा नेमबाजीचा खेळ मात्र पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. ही कंपनी मूळची ‘मोनोपॉली’सारखे पटावरील खेळ विकणारी. तिची मालकी जनरल मिल्सकडे होती आणि त्याच समूहातील केनर कंपनी ‘स्टार वॉर्स’ची खेळणी बनवीत असे. व्यापारी हेतू अर्थातच उघड होता.

अटारीचे यंत्र १९७७ सालचे. त्याची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट. घणसोलीलगतच्या महापे येथील संकुलांत आज आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांना हा आकडा छापील चूक वाटेल! पडद्यावरील चित्र साठवून ठेवण्यास यंत्रात जागाच नव्हती. दूरचित्रवाणीच्या नळीतील किरण एकेक रेषा ओढीत असताना त्या रेषेवर काय दिसावे, हे आज्ञावलीला त्याच क्षणी सांगावे लागे. दोन हलत्या आकृती, दोन गोळे, एक चेंडू आणि मागील पट, एवढीच यंत्राची सामग्री. ती मुळात टेनिस व रणगाड्यांच्या साध्या खेळांसाठी योजलेली होती.

अशा यंत्रात अख्खा चित्रपट मावणे शक्य नव्हते. आज्ञावलीकार रेक्स ब्रॅडफर्ड यांनी इर्विन कर्शनर दिग्दर्शित १९८० च्या चित्रपटातील एकच प्रसंग उचलला : बर्फाच्छादित हॉथ ग्रहावरील लढाई. त्याच वर्षी अटारीने सुमारे पाच आठवड्यांत घाईने उरकलेल्या ‘ई. टी.’शी तुलना केली, तर या निवडीतील शहाणपण ध्यानात येते.

चार पायांची अजस्र चिलखती यंत्रे संथपणे बंडखोरांच्या तळाकडे सरकत असतात. खेळणारा लहानशा विमानातून त्यांवर मारा करतो. एकेक यंत्र पाडण्यास अनेक नेम लागतात आणि मार बसेल तसा त्याचा रंग पालटतो. क्वचित एखादा मर्मबिंदू लुकलुकतो, तेथे नेम बसला तर एका फटक्यात काम होते. जखमी विमान दरीत उतरवून दुरुस्त करता येते. मात्र एक यंत्र पडले की दुसरे येते, आणि एकही यंत्र तळापर्यंत पोहोचले की डाव संपतो. खेळात विजय नाहीच.

त्या काळी बहुतेक खेळ असेच अंतहीन असत, म्हणून यामागे मोठी कलादृष्टी शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही येथे यंत्राची मर्यादा आणि कथेचा आशय एकमेकांना अचूक भेटतात. चित्रपटातही ही लढाई जिंकण्यासाठी नव्हे, तर साथीदारांना निसटण्यास वेळ मिळावा म्हणून लढली जाते. मराठी वाचकास येथे १६६० सालची घोडखिंड सहज आठवेल. बाजीप्रभूंच्या झुंजीचे मोल विशाळगडावरील तोफांच्या आवाजाने ठरले, अशी परंपरा सांगते. ब्रॅडफर्ड यांच्या खेळात ती तोफ कधीच वाजत नाही. कोण निसटले, किती वाचले, हे पडद्यावर दिसत नाही. दिसतात ते केवळ गुण.

चित्रपटात विमानातून सोडलेल्या दोराने त्या यंत्रांचे पाय गुंतविले जातात. हा दोर अटारीच्या खेळात नव्हता. १९९६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो ६४ वरील ‘शॅडोज ऑफ द एम्पायर’मध्ये तो होता, आणि त्या खेळात हॉथची लढाई जिंकून पुढच्या टप्प्याकडे जाता येत असे.