मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा प्रश्नोत्तररूप इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हणजे बहुधा दगडविटांचा इतिहास लिहिला जातो. पायाभरणी कधी झाली, घंटा कोणी दिली, शाळेचे छप्पर कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत बदलले, ह्या गोष्टी स्मरणिकेत यावयासच हव्या, व त्या ह्या पुस्तिकेत अन्यत्र आल्याच आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांचे लक्ष एका निराळ्या बांधकामाकडे वेधू इच्छितो. मराठी माणसाच्या अंतःकरणात ख्रिस्ती श्रद्धा कशी उभी राहिली? मुकाट्याने मान डोलावून, की विचारपूस करून?

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींत, अशी एक समजूत रूढ आहे की, धर्माच्या बाबतीत प्रश्न करणे म्हणजे श्रद्धेत खोट असणे. मुलगा नागपुरास कॉलेजात जाऊ लागतो, चार पुस्तके वाचतो, आणि सुट्टीत घरी आल्यावर विचारतो की, सृष्टी सहा दिवसांत झाली हे कसे? घरातून उत्तर मिळते, ‘असले विचारू नये.’ मुलगा गप्प बसतो. त्याचे गप्प बसणे म्हणजे त्यास पटणे, असे आपण समजतो. परंतु पुढील नाताळला तो मिस्सेस येण्याचे टाळतो, तेव्हा आपणांस नवल वाटते. ज्या धर्माने प्रश्नांची भीती बाळगली असती, त्याचा मराठीतील पहिला मोठा ग्रंथ ज्या तऱ्हेने लिहिला गेला त्या तऱ्हेने कधीच लिहिला गेला नसता, हे आम्ही प्रथम दाखवितो.

तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, येशूसंघाचे धर्मगुरू. ते १५७९ साली गोव्यास आले, साष्टी प्रांतात त्यांनी उभे आयुष्य वेचले, आणि १६१९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध अशा ह्या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात जाते. मराठी भाषेच्या गौरवासाठी ह्या ग्रंथाची आठवण पुष्कळ वेळा काढली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आरंभाकडे आपले लोक फारसे लक्ष देत नाहीत. मुलांना धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीगुरूस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण तुम्ही का देत नाही? प्रश्न नम्र आहे, पण त्यात गाऱ्हाणेही आहे. फादर स्टीफन्स त्या मनुष्यास गप्प करीत नाहीत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सारा ग्रंथ रचतात! पुढेही कथा चालू असता श्रोते मध्येच थांबवून शंका विचारतात, व गुरू कथेचा ओघ सोडून उत्तर देतो.

येथे एक बारीकशी गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण लहानपणी जी प्रश्नोत्तरे पाठ केली, त्यांत प्रश्न गुरूचा असतो व उत्तर मुलाचे. आणि ते उत्तरही गुरूनेच आधी लिहून दिलेले असते. त्या पद्धतीचा उपयोग आहे. अडचणीच्या घडीला पाठ असलेले चार शब्द माणसास तारतात, हे आम्ही आजाऱ्यांच्या उशाशी बसून अनेकदा पाहिले आहे. परंतु पुराणातील प्रश्न श्रोत्याचा आहे. गुरूस त्याचे उत्तर शोधावे लागते. दोहोंत हे अंतर मोठे आहे.

हा काळ काही सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा न्याय करणारी धर्मसभा, स्थापन झाली होती, व मधली काही वर्षे सोडता ती १८१२ पर्यंत चालली. देवळे पाडली गेली, जुने ग्रंथ नष्ट केले गेले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ही पाने ज्युबिलीच्या दिवशीही झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००० सालच्या महाज्युबिलीत सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल उघडपणे देवाची क्षमा मागितली आहे. धाकाने मिळविलेला होकार आणि समजून दिलेला होकार हे एकाच गावात, एकाच काळी, शेजारी शेजारी नांदत होते. त्यांतील कोणता टिकाऊ ठरला, हे पाहावयाचे असेल तर दुसऱ्या जातीचे एक उदाहरण पाहावे.

१८२५ साली झाशीजवळ एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात नीळकंठ गोरे ह्यांचा जन्म झाला. ते काशीस वाढले व शास्त्री झाले. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. त्यास उत्तर म्हणून तरुण नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. त्यात त्यांनी काय म्हटले? शास्त्राच्या बाबतीत श्रद्धा आधी, तर्क मागून. तर्काने शास्त्राची चाकरी करावी, त्याचा न्यायाधीश होऊ नये! म्हणजे आज आपल्या घरातील आजोबा जे सांगतात, तेच त्या काळी एका हिंदू शास्त्र्याने ख्रिस्ती मताविरुद्ध सांगितले होते. वाचकहो, ह्यावर क्षणभर थांबावे. ‘प्रश्न करू नका’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या धर्माच्या रक्षणास सारखेच उपयोगी पडते. अर्थात कोणत्याही एका धर्माचे सत्य त्याने सिद्ध होत नाही.

परंतु शास्त्रीबुवांचा स्वभाव त्यांच्या सिद्धान्ताहून प्रामाणिक होता. अनंतकाळचा नरक आणि न्यायी देव ह्यांचा मेळ कसा घालावा, ह्यासारख्या ज्या हरकती त्यांनी ख्रिस्ती मतावर घेतल्या, त्या इतक्या कसून घेतल्या की, खंडनासाठी हाती धरलेले पवित्र शास्त्र त्यांस सोडवेना. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव स्वीकारले. त्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. आप्तस्वकीय दुरावले, आणि पत्नीही थोड्याच वर्षांत एका तान्ह्या मुलीस मागे ठेवून निवर्तली. ह्याच मुलीने, एलेन लक्ष्मी गोरे हिने, पुढे इंग्रजीत भक्तिगीते रचून कीर्ती मिळविली.

इतके होऊनही त्यांच्या शंका संपल्या नाहीत. १८५४ च्या सुमारास ते महाराजा दुलीपसिंगांच्या परिवारासमवेत इंग्लंडास गेले, तेव्हा तेथील ख्रिस्ती म्हणविणाऱ्या समाजाचे आचरण पाहून ते इतके खिन्न झाले की, त्यांची ती अवस्था प्रोफेसर मॅक्समुल्लर ह्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली. तरी ते परत फिरले नाहीत. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला, १८७० मध्ये अँग्लिकन पंथाची गुरुदीक्षा घेतली, आणि १८९५ साली मुंबईस देह ठेविला. शंका त्यांस अखेरपर्यंत छळीत राहिल्या, व अखेरपर्यंत ते प्रार्थना करीत राहिले. पंडिता रमाबाईंसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या स्त्रीवर ज्यांच्या लेखनाचा परिणाम झाला, ते हेच फादर गोरे होत. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि त्यानंतरही त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनीशी पत्रांतून निकराचा वाद घातला. ही दोन्ही माणसे आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेत आली नाहीत. तथापि गुणांची कदर करताना कुंपण पाहू नये, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल की, हे सारे पंडितांचे चोचले; साध्या भाविकाने काय करावे? साध्या भाविकाने पवित्र मरियेकडे पाहावे. संत लूकच्या पहिल्याच अध्यायात देवदूत दोघांकडे येतो, जखऱ्याकडे व मरियेकडे, आणि दोघेही प्रश्न करतात. जखऱ्या मुका होतो. मरियेस मात्र उत्तर मिळते. प्रश्न जवळजवळ सारखेच, मग फरक कशाचा? जखऱ्यास आधी पुरावा पाहिजे होता. मरियेने होकार देण्याच्या तयारीने ‘हे कसे होईल’ एवढे विचारले. आणि ज्या प्रेषिताने भारतात सुवार्ता आणली असे आपली परंपरा सांगते, तो संत थॉमस तर जखमांत बोट घातल्याखेरीज मानावयास तयार नव्हता. प्रभूने त्यास दारातून हाकलले नाही, जखमा पुढे केल्या.

सेमिनरीत आम्हांस जे शिकविले गेले तेही ह्याहून निराळे नव्हते. संत थॉमस अक्विनास आपल्या महाग्रंथात प्रत्येक विषयाचा आरंभ विरुद्ध पक्षाच्या हरकतींनी करतात, आणि त्या पुष्कळदा इतक्या जोरदार असतात की, वाचणाऱ्यास धडकी भरावी. १८४० साली स्ट्रासबुर्गच्या बोतें नावाच्या धर्मगुरूंना, बुद्धीस काहीच कळत नाही, केवळ श्रद्धा हवी, हे आपले मत मागे घ्यावे लागले. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धा व बुद्धी ह्यांत खरा विरोध असूच शकत नाही असे ठरविले, व १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ह्याच विषयावर स्वतंत्र विश्वपत्र काढले. तेव्हा ‘डोळे मिटून विश्वास ठेवा’ ही कॅथलिक शिकवण आहे असे जे सांगतात, त्यांनी ती कोठे वाचली हे त्यांनाच ठाऊक!

मात्र प्रश्न करणाऱ्यास ख्रिस्तसभेत नेहमी उत्तर मिळाले, असेही नाही. ब्रह्मबांधव उपाध्याय हे बंगाली विद्वान १८९१ साली कॅथलिक झाले. ख्रिस्ती श्रद्धेस भारतीय तत्त्वज्ञानाची भाषा देता येईल काय, हा त्यांचा ध्यास होता. १८९९ मध्ये जबलपुरास नर्मदेकाठी त्यांनी एक मठ मांडला. आमच्या नागपूरचे तत्कालीन बिशप पेल्वा ह्यांची त्यांस सहानुभूती होती. परंतु वरिष्ठांचा विरोध झाला, मठ मोडला, आणि पुढे त्यांचे ‘सोफिया’ पत्र वाचण्यास कॅथलिकांना मनाई झाली. १९०७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे सर्व विचार आम्हांस मान्य आहेत असे नव्हे. पण बिशप पेल्वांइतका धीर इतरांनी धरला असता, तर बरे झाले असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले, आणि त्याचे चिटणीस होते जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा, तंजावरकडील एका प्रॉटेस्टंट घराण्यातील गृहस्थ. लंडनात हिशेबतपासणी व अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा मनुष्य वर्ध्यास तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा ह्यांत रमला. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळी अँग्लिकन पंथाच्या मुख्य बिशपांशी त्यांनी पत्रव्यवहार करून, ख्रिस्ती मनुष्याने सत्याग्रहाकडे पाठ का फिरवावी, असा सवाल केला होता. पुढे जबलपूरच्या तुरुंगात असता त्यांनी येशूच्या आचरणावर व उपदेशावर एक पुस्तक लिहिले, ते १९४५ साली प्रसिद्ध झाले, व त्यास महात्माजींनी प्रस्तावना दिली. त्या पुस्तकात आचरणास जितके स्थान आहे तितके ख्रिस्तसभेस व साक्रामेंतांस नाही, आणि येथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. परंतु डोंगरावरील प्रवचन बाजारभावास व मजुरीच्या दरास लावून पाहणारा ख्रिस्ती माणूस आपल्या जिल्ह्यात वावरून गेला, आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्याचे नावही कोणी घेत नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

ज्युबिलीच्या ह्या वर्षापासून आमच्या वर्गात धड्याआधी मुलांनी प्रश्न विचारावे, असा पाठ आम्ही घातला आहे. पहिल्याच रविवारी कापूस पिकविणाऱ्या गावातून येणाऱ्या एका मुलीने विचारले की, देव सर्वांचा पिता आहे, तर आमच्याकडचे शेतकरी गळफास का घेतात, व तो त्यांस का थांबवीत नाही? वर्गातील मोठी मुले तिच्याकडे रागाने पाहू लागली. ह्या प्रश्नास पाठ केलेले उत्तर नाही. ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू तत्परतेने मांडणाऱ्या मित्रांवरच देव कोपतो, आणि तक्रार करणारा ईयोब खरे बोलला असे म्हणतो. ते पुस्तक आम्ही तिला वाचावयास दिले आहे. तिने पहिले तीन अध्याय वाचले असून, तिच्या वहीत आणखी दोन प्रश्न लिहिलेले आहेत.