दगड इथे, पुस्तकं तिकडे

आमच्या पिशोरचा तालुका कन्नड. बाहेरून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "इथून वेरूळ किती, अजिंठा किती?" याच तालुक्यातल्या पितळखोऱ्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. सातमाळा डोंगरात, गौताळ्याच्या जंगलाला लागून, दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत ही. दगड ठिसूळ, त्यामुळे बरीच पडझड झालीय. पण जे उरलंय त्यात चक्क माणसं भेटतात! पैठणचा मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, मगिल नावाचा राजवैद्य. आणि कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेला तो बुटका, हसरा यक्ष. कान्हदासाने यक्षाच्या हातावरच आपलं नाव कोरून ठेवलंय. (यक्ष आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात. असो.)

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. म्हणजे मराठीच्या पणजीचीच की. तरीही मधली कित्येक शतकं हे वाचू शकेल असा एकही माणूस इथे उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली, पण शिलालेखांतला 'पियदसी' राजा म्हणजे अशोक, हा उलगडा झाला तो सिलोनमधल्या पाली ग्रंथांवरून. तिथे नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नरने ते वाचले होते. थोडक्यात, दगड आपल्याकडे आणि ते समजावून सांगणारी पुस्तकं समुद्रापलीकडे!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शाळा जेमतेम मराठी इयत्तांपुरती. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाच्या डोक्यात एकच वेड शिरलं, की बुद्ध नेमकं काय म्हणाला ते मुळातून वाचायचं. १८९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, घर सोडलं. घरी बायको आणि तान्ही मुलगी. आधी पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, कारण बुद्धाचा देश तो, तिथे तरी धर्म जिवंत असेल! नेपाळ पाहून पार निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता, मद्रास करत १९०२ मध्ये स्वारी पोचली सिलोनला, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात. परिवेण म्हणजे भिक्षूंचं विद्यापीठच. १८७३ मध्ये हिक्कडुवे सुमंगल यांनी ते सुरू केलं होतं आणि तेच अजून प्रमुख होते.

आता कल्पना करा. आज आपण ऑनसाइटला निघतो तेव्हा व्हिसा, तिकीट, हॉटेल, रोजचा भत्ता, सगळं ठरलेलं असतं, तरी पहिल्या आठवड्यात वरण-भातासाठी जीव कासावीस होतो. या माणसाकडे ना पैसा, ना ओळखपाळख, ना सिंहली भाषा. आधार एकच, काशीत कमावलेलं संस्कृत. सुमंगलाचार्य स्वतः संस्कृतचे जाणकार होते. कोसंबी तिथे श्रामणेर झाले, म्हणजे चीवर घेतलं, आणि पाली शिकायला बसले.

इथली गंमत आपल्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना चटकन कळेल. पालीला स्वतःची लिपीच नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयाममध्ये थाई लिपीत आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या पुस्तकांत रोमन लिपीत. मजकूर तोच, एन्कोडिंग निराळं! 'शिवाजी' फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून ती अगम्य अक्षरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे दुःख सांगायला नको. शब्द कानावर पडले तर मराठी माणसाला अर्धेअधिक ओळखीचे वाटतात: धम्म, भिक्खु, पुत्त, हत्थ. पुस्तक उघडलं की गोल गोल जिलब्या. त्या जिलब्या गिरवल्याशिवाय पुढे वाटच नव्हती.

तब्येतीची मात्र हेळसांड झाली. परक्या अन्नपाण्याशी जमेना आणि साधारण वर्षभराने ते मद्रासला परतले. तिथून ब्रह्मदेश, पुन्हा नवा देश, पुन्हा नवी लिपी. घरी परतले तेव्हा १९०६ साल उजाडलं होतं. सात वर्षं! बाळाबाईंनी ती कशी काढली असतील, याचा हिशेब कुठल्या ग्रंथात सापडायचा? मला कोसंबींबद्दल प्रचंड आदर आहे, पण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. बुद्धाच्या घर सोडण्यावर लिहिणारा माणूस स्वतः घर सोडून आलेला होता.

पुढचं बरंचसं माहीत असतं. कलकत्त्याला पाली शिकवणं, चार वेळा हार्वर्ड, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी. मला जास्त भावते ती बडोद्याची गोष्ट. महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी सयाजीरावांनी महिना ५० रुपये देऊ केले, आणि कोसंबी कलकत्त्याची नोकरी सोडून आले. कारण त्यांना हे सगळं मराठीत आणायचं होतं. 'विसुद्धिमग्ग' हा मोठा पाली ग्रंथ त्यांनी संपादित केला, तो १९४० मध्ये मुंबईत देवनागरीत छापला गेला. अख्खं पाली त्रिपिटक देवनागरीत यायला मात्र भिक्षू जगदीश काश्यप यांच्या नालंदा आवृत्तीची, म्हणजे १९५६ नंतरची, वाट बघावी लागली.

सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या भांडणापायी, ही मांडणी कोसंबींची. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्येही तोच धागा आहे. पाण्यावरून भाऊबंदकी कशी पेटते, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

आज आमच्याकडच्या गावांत बुद्धवंदना पालीत होते आणि ती छापलेली पुस्तिका देवनागरीत, दहा-वीस रुपयांना मिळते. शाळेतली पोरंही ती घडाघडा वाचतात.

कोसंबींचं आत्मकथन 'निवेदन' (१९२४) कुठे मिळालं तर सोडू नका. भाषा साधी आहे, एका बैठकीत वाचून होतं. नेपाळचा भाग आधी वाचा, म्हणजे पुढे सिलोनला पोचल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते कळेल.