चिठ्ठी, संदर्भ आणि एआय सहायक

आपली टिपणं एआय सहायकाला जोडली की पुढचं काम आपोआप होईल, असं सध्या अनेकांना वाटतं. जोडण्याआधी थोडा इतिहास बघूया.

1948 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचं काम हाती घेतलं. सुमारे 1500 ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो आलेलं वाक्य आणि ग्रंथातला संदर्भ. छापील कोश मात्र 1976 पासून निघू लागला.

इथे कामं दोन प्रकारची होती. चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावणं हे पहिलं. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काळानुसार मांडून अर्थ कसा बदलत गेला हे ठरवणं, हे दुसरं. पहिलं काम कुणाच्याही हातून होऊ शकत होतं, कारण चिठ्ठी स्वतःच आपला पत्ता सांगत होती. दुसऱ्याला अभ्यासकच लागत होता.

आता आजच्याकडे या. नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुलं मानक आलं आणि सहायकाला आपल्या फाइल्सपर्यंत पोचवणं सोपं झालं. म्हणजे पहिलं काम यंत्राकडे गेलं.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडचं उदाहरण घ्या. समजा तुमच्या टिपणात एवढंच आहे: ‘किल्ला, 1700 च्या सुमारास, राजखान पठाण.’ दुसऱ्या टिपणात गावाचं नाव ‘अंबागड’ असं लिहिलंय. ही दोन्ही टिपणं एकत्र आणणं, संदर्भ नसलेल्या टिपणांची दर आठवड्याला यादी काढणं, हे सहायकाला खुशाल सांगा. पण ‘संदर्भ भरून दे’ म्हणू नका. तो खरा वाटेल असा पृष्ठक्रमांकही रचून देऊ शकतो. माहिती गॅझेटियरमधली, की गावात ऐकलेली, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. मौखिक परीक्षेत प्रश्नही तुम्हालाच येणार.

म्हणून सुरुवातीला सहायकाला फक्त वाचायची परवानगी द्या, बदलायची नको. आणि टिपण लिहितानाच ग्रंथ, पान, तारीख टाका. दहा सेकंदांचं काम आहे. तीन वर्षांनी तेच शोधायला दहा दिवस जातील.