हॉलची अनामत, बिल्डरचा उशीर आणि ‘आमचा नाइलाज होता’ : करार कायद्याचे कलम ५६ समजून घेऊ

२०२० मध्ये १४ एप्रिलची भीमजयंती आणि ७ मेची बुद्धपौर्णिमा आपण टाळेबंदीत, घरातच साजरी केली. त्या उन्हाळ्यातले मंगल परिणयही पुढे ढकलावे लागले. हॉल, मंडप, जेवण यांचे पैसे मात्र अनेकांनी आधीच भरले होते. ते परत मागितले की ‘आमचा नाइलाज आहे’ असे उत्तर मिळते. पूर, आग किंवा बंदी आदेश आला की आजही हेच ऐकावे लागते. म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत काम करणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी हा कायदा माहीत करून घेतला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५६ सांगते : करार झाल्यानंतर ते काम अशक्य किंवा बेकायदेशीर झाले आणि ती घटना रोखणे काम करणाऱ्याच्या हातात नव्हते, तर करार तेव्हापासून रद्द ठरतो. मग काम केले नाही म्हणून भरपाई मागता येत नाही.

पण पुढे कलम ६५ आहे. रद्द ठरलेल्या करारातून ज्याला लाभ मिळाला, त्याने तो परत करायचा किंवा त्याची भरपाई द्यायची. म्हणजे हॉलमालकाचा नाइलाज खरा असला तरी अनामत आपोआप बुडत नाही.

अशा प्रसंगी काय करायचे हे करारातच लिहिले असेल, तर आधी ती अट पाहिली जाते. म्हणून पावतीच्या मागचा बारीक मजकूर सही करण्यापूर्वी वाचावा.

न्यायालये कुठे रेघ ओढतात?

सत्यव्रत घोष खटल्यात (१९५४ मध्ये प्रसिद्ध) कोलकात्याजवळचे भूखंड युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतले होते. करार संपला, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ‘अशक्य’ याचा अर्थ व्यवहाराच्या दृष्टीने घ्यावा हे न्यायालयाने मान्य केले. पण ताबा तात्पुरता होता आणि कामाला मुदत ठरलेली नव्हती.

महागाई ही सबब चालत नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी सुटका मागितली, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पोलाद आयातदारांनाही अंतरिम दिलासा नाकारला. टाळेबंदी मर्यादित काळाची आहे, हे त्यातले एक कारण होते.

ठरलेल्या तारखेचा सोहळा मात्र वेगळा. त्या दिवशी कार्यक्रमालाच बंदी असेल, तर कलम ५६ चा आधार भक्कम होतो.

घर घेणाऱ्यांसाठी

रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि इतर नैसर्गिक आपत्ती यांचाच अनपेक्षित संकटांत समावेश आहे. बिल्डरकडे पैसा नसणे त्यात नाही. कोरोनामुळे महारेराने मे २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. ती कायमची सूट नव्हती. ताबा वेळेत न मिळाल्यास कलम १८ नुसार व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराचे व्याज घेता येते.

आपण काय करावे?

• पैसे ऑनलाइन किंवा चेकने द्या, पावती जपा.
• बंदीचा सरकारी आदेश, बातम्या, मेसेज साठवून ठेवा.
• नवी तारीख मान्य केली तर तो नवा करार होतो. पटत असेल तरच आणि लेखीच होकार द्या.
• आधी लेखी मागणी करा. दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

वकील परवडत नाही म्हणून हक्क सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला आणि अनुसूचित जातीतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा हक्क आहे. जातीचा दाखला घेऊन ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही माहिती आपल्या विहारात, जयंती समितीच्या बैठकीत जरूर सांगा.