दोन चुलींचा संसार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी “तुमसरच्या जुन्या काळाविषयी काहीतरी लिहा” असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा अंबागडचा किल्ला, गायमुखची यात्रा, चांदपूरचा तलाव हे नेहमीचे विषय प्रथम मनात आले. परंतु त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण भगिनी हळदीकुंकवाला जमलो म्हणजे ज्या गोष्टीवर बोलताना आपल्याला वेळेचे भान राहत नाही, ती मात्र इतिहासाच्या पुस्तकात कोठे सापडत नाही. ती गोष्ट म्हणजे घरचा कर्ता पुरुष परगावी नोकरीला आणि बायकामुले गावी, असा दोन चुलींचा संसार. आमच्या घरी तो एकोणतीस वर्षे चालला. म्हणून या विषयावर बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजते.

आपल्या गावी ही चाल रेल्वेबरोबर आली. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद रूळ तुमसरपर्यंत आला आणि पुढे राजनांदगावाकडे गेला. मागाहून बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत ही लाइन थेट कलकत्त्याच्या बाजूला जोडली गेली. गाव एकीकडे आणि मुख्य लाइनीचे स्टेशन देव्हाडीला, ही आपली अडचण तेव्हापासूनची. योगायोग असा की, टपालखात्याने मनिऑर्डरही १८८० सालीच सुरू केली, आणि पोस्टकार्ड त्याच्या आदल्या वर्षी निघाले होते. माणसाला घरापासून दूर नेणारे वाहन आणि त्याचा पैसा व खुशाली घरी आणणारी सोय, ही दोन्ही अशी हातात हात घालून आपल्याकडे आली.

त्याआधी माणूस पोटासाठी बाहेर जात नव्हता असे नाही. परंतु तो बैलगाडीने जाई आणि रोवण्याला परत येई. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. रेल्वे आल्यावर तेथे जाणे सोपे झाले. मग मँगनीज निघाले. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी निघाली. तिच्या पुढच्या अवताराकडून १९६२ साली सरकारने काम घेतले आणि आजची ‘मॉयल’ झाली. आपल्या तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी सर्वांना ठाऊक आहेत. तिरोडीची लाइन ती हीच, मँगनीज वाहणारी. खाण गावापासून काही कोसांवर असली तरी तिथला माणूस आठवड्यानेच घरी येई. आठवडी बाजाराच्या दिवशी मीठमिरचीबरोबर बाप घरी येतो, अशी कित्येक लेकरांची समजूत होती.

मुंबईकडे हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. १८५६ पासून तेथे कापडाच्या गिरण्या चालू झाल्या आणि कोकणातील व घाटावरील पुरुष एका खोलीत दाटीवाटीने राहून गिरणीत राबू लागले. त्यांच्या जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बायकांनी केली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गावच्या चुलीचा कर्ता मुंबईत दुसऱ्याच चुलीवर जेवतो आणि ती चूलही एका बाईच्याच कष्टावर पेटते, हे मला त्या हकिकतीतून प्रथम उमगले. कोकणच्या मनिऑर्डरींविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आपल्या पूर्व विदर्भाविषयी कोणी फारसे लिहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

असो. आमच्या घराची कथा दोन तारखांनी घडवली. पहिली तारीख १ नोव्हेंबर १९५६.

त्या दिवसापर्यंत भंडारा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रदेशात होते आणि राजधानी होती नागपूर. राज्यपुनर्रचनेने विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात घातले. बालाघाट, दुर्ग तिकडेच राहिले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. आमचे काकाजी नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचे नाव भोपाळच्या यादीत निघाले. काकू आणि मुले महालातल्या भाड्याच्या घरात राहिली आणि काकाजी इटारसीमार्गे भोपाळला गेले. अशी कुटुंबे त्या वर्षी नागपुरात गल्लोगल्ली होती. नकाशावर एक रेघ ओढली म्हणजे तेवढ्याने संपत नाही. ती कोणाच्या तरी माजघरातूनही जाते. आमच्या तिरोडीच्या लाइनीवरही तसेच झाले. तुमसर मुंबई राज्यात आणि तिरोडी मध्यप्रदेशात! बावनथडीपलीकडे दिलेल्या लेकी एका दिवसात परराज्यात गेल्या.

दुसरी तारीख ४ फेब्रुवारी १९५९. त्या दिवशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. रशियाशी या कारखान्याचा करार १९५५ सालीच झाला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, रुरकेला आणि दुर्गापूर असे तीन पोलादाचे कारखाने उभे राहत होते. त्यांतले भिलाई आपल्याच लाइनीवर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग यांच्यापुढे, येथून दोनशे किलोमीटरच्याही आत. आपल्या जिल्ह्यातील किती तरुण त्या वेळी तिकडे गेले! माझे बाबा तोवर तुमसरच्या एका राइस मिलमध्ये दिवाणजी होते. ते १९५८ च्या दिवाळीनंतर भिलाईला मालगुदामात कारकून म्हणून लागले. मी तेव्हा आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ तीन वर्षांचा.

आम्ही सारी का गेलो नाही, असे मला पुष्कळदा विचारले जाते. कारणे तीन होती. घरी चार एकर धानाची बांधी होती आणि आजी होती, हे एक. सुरुवातीला बाबांना दोघांत मिळून एक खोली होती, हे दुसरे. ही दोन्ही कारणे पुढे दूर झाली. बांधी बटईने देता आली असती आणि क्वार्टरही मिळाले. तिसरे कारण मात्र आईचे स्वतःचे होते. क्वार्टरजवळची शाळा हिंदी होती, आणि माझी मुले मराठीतच शिकतील, असे आईने ठरवले होते. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली होती. रेघ पडण्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण एकाच राज्यात दोन्ही भाषा चालत. आता मधल्या वर्षी मुले तिकडे नेली आणि पुन्हा परत आणली तर ना इकडची ना तिकडची होतील, असा तिचा हिशेब होता. आजीला तो पटला नव्हता. ती म्हणाली, “बाहेर गेलेला मानूस घरचा पाव्हना होते वो बाई. पोट्टे घेऊन तू जाय.” आई गेली नाही. तिचे बरोबर होते की नव्हते, हे मी आज पंच्याहत्तरीतही ठरवू शकले नाही.

दर महिन्याच्या सात-आठ तारखेला मनिऑर्डर येई. पोस्टमन ओसरीवर बसून नोटा मोजी, आई सही करी आणि फॉर्मचे खालचे कूपन फाडून तिच्या हाती मिळे. त्या कूपनावर दोन-तीन ओळींपुरती जागा असते. बाबा त्यात लिहीत, “सर्व खुशाल. रोवण्याला रजा मिळत नाही. मजूर आधी सांगून ठेवणे.” पत्रे निराळी येत, परंतु कूपनाची गोडी वेगळी होती, कारण ते पैशाबरोबर येई आणि ते चारचौघांसमोर वाचले जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. आमच्या शेजारच्या दोघी-तिघींना तर वाचताच येत नव्हते. त्यांच्या नवऱ्यांची पत्रे माझ्यासारख्या पोरी मोठ्याने वाचून दाखवत. नवऱ्याने बायकोला काय लिहावे आणि काय लिहू नये, हे त्यामुळे सगळ्या आळीलाच ठाऊक होते! आळीतल्या एका बाईने रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गात नाव घातले, ते गीता वाचण्यासाठी असे ती सांगे. तिने पहिली अक्षरे लिहिली ती पोस्टकार्डावर, आणि ते कार्ड तिने कोणालाही दाखवले नाही.

आमच्या घरी लेखनाचे काम माझ्याकडे आले, कारण आईचे अक्षर सावकाश उमटे. ती सांगे आणि मी लिही. पत्रात काय गाळायचे ते मी त्या वयात शिकले. बंधारी फुटली, म्हैस आटली, आजी पडली, यांतले काहीच पत्रात जात नसे. १९६१ च्या पावसाळ्यात भावाला विषमज्वर झाला. तीन आठवडे ताप होता आणि त्या तीन आठवड्यांत मी माझ्या हाताने तीन वेळा “सर्व खुशाल” लिहिले. गावचा एक इसम भिलाईस परत गेला, त्याच्याकडून बाबांना कळले. पाळी संपवून ते तसेच गाडीत बसले आणि मध्यरात्री देव्हाडीहून चालत घरी आले. भावाचा ताप तोवर उतरला होता.

त्या रात्री मी आईबाबांचे भांडण प्रथम ऐकले. आई म्हणाली, “तुम्ही येऊन ताप उतरला असता काय जी? रजा तेवढी गेली असती.” बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी इथला कोण आहे, तेवढं तरी सांग.” सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून एक नियम घालून दिला. यापुढे प्रत्येक पत्रात निदान एक वाईट बातमी लिहायचीच. आईने अट घातली की, तिकडूनही तसेच आले पाहिजे. पुढच्या मनिऑर्डरीच्या कूपनावर ओळ होती, “श्रावणात हिवताप येऊन गेला. कळवले नव्हते.” तेव्हापासून आमच्या घरची पत्रे वाचायला बरी झाली.

बाबा महिना-दीड महिन्याने येत. त्यांची खाट एरवी सांडगे-वड्या वाळवायला नाहीतर धानाची पोती ठेवायला लागे आणि त्यांच्या येण्याच्या दिवशी ती रिकामी करावी लागे. जाताना ते चिन्नोर तांदूळ नेत. टंचाईच्या वर्षांत धान्य राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आले, तेव्हा तो तांदूळ वळकटीत लपवावा लागला. स्वतःच्या शेतातला तांदूळ स्वतःच्या बापाला चोरून द्यावा लागतो, हे आजीला मरेपर्यंत समजले नाही. “तो का परदेशी हाये का?” असे ती विचारी.

याच लाइनीवरून एके काळी नारायण वामन टिळक राजनांदगावच्या नोकरीला गेले होते. वाटेत गाडीच्या डब्यात एका परक्या साहेबाशी झालेल्या भेटीने त्यांचे आयुष्य पालटले. १८९५ साली त्यांनी धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाईंना मुलगा दत्तू याच्यासह काही वर्षे त्यांच्यापासून दूर काढावी लागली. ती ताटातूट नोकरीपायी नव्हती हे मला मान्य आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते की, दूर राहणाऱ्या नवऱ्याविषयी इतक्या मोकळेपणाने, रागासह आणि हसण्यासह, त्यापूर्वी आपल्याकडे कोणा बाईने लिहिले नसावे. आमच्या आळीतल्या बायकांनी लिहिले असते तर ते असेच काहीसे झाले असते.

कारभार कोणी केला, हेही सांगितले पाहिजे. पऱ्हे टाकणे, रोवण्याला बायका मिळवणे, चुरणा झाल्यावर गिरणीत धान घालणे आणि दलालाशी भाव करणे, ही सारी कामे आईने केली. सातबारा मात्र बाबांच्या नावे. तलाठ्याकडे गेली तर तो म्हणे, “घरमालकाला पाठवा.” मालक दोनशे किलोमीटरवर! शेजारणींनी त्या वर्षांत विड्या वळून घर चालवले. मनिऑर्डर उशिरा आली तर त्या विड्यांच्या पैशावरच चूल पेटे, परंतु घर कोणाच्या कमाईवर चालते असे विचारले तर उत्तर एकच असे, “मालकाच्या.”

पुढे सीमा आणखी सरकल्या. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून निराळा झाला आणि २००० साली भिलाई छत्तीसगडात गेले. २०१५ साली टपालखात्याने जुनी मनिऑर्डर बंद केली. आज आपल्या मंडळातील कित्येकींची मुले पुण्यास, हैदराबादेस आहेत. काही घरांत तर आईच परगावी नोकरीला असते आणि बाप मुलांचे डबे भरतो. हा बदल मला पाहायला मिळाला याचे मला समाधान आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा माझी नात नागपुरात अडकली होती. ती रोज फोनवर तोंड दाखवून “मी मजेत आहे” म्हणे. मी तिला आमचा नियम सांगितला. मग तिने कबूल केले की, गॅस संपला आहे आणि चार दिवस ती पोह्यांवर आहे.

बाबा १९८७ साली निवृत्त होऊन परत आले. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि दोन पातेली. पहिले काही महिने ते आपला चहा आणि भात त्या स्टोव्हवर स्वतःच करून घेत. आईच्या हातचा भात त्यांना मऊ लागे आणि आईला त्यांचा स्टोव्ह स्वयंपाकघरात नको होता. दोन चुली एका घरात आल्या एवढाच काय तो फरक. आईने सगळी कूपने धानाच्या कणगीमागे एका डब्यात सुतळीने बांधून ठेवली होती. तीनशेवर असतील. बाबांना ते ठाऊक नव्हते.

त्या वर्षी मी माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. तारीख सात-आठच असेल. बाबा पोस्टातून व्याजाचे पैसे घेऊन आले आणि त्यांनी ते आईच्या हातावर ठेवले. आईने मोजले आणि हात तसाच पुढे ठेवून म्हणाली, “आणि कूपन?” बाबांनी चष्मा शोधला, पंचांगाचे एक मागले पान फाडले, त्यावर काहीतरी लिहिले आणि तिला दिले. तो कागदही त्या डब्यात आहे. त्यावर लिहिले आहे, “सर्व खुशाल. गुडघा दुखतो.”